कॉलम गेला म्हणण्याआधी

"मॅडम, कॉलम गेला."

हे वाक्य मी आत्तापर्यंत इतक्यांदा ऐकलंय की आता हात आपोआप नवीन कॉलमच्या ऑर्डरकडे न जाता प्रश्नाकडे जातो. (कॉलम म्हणजे लिक्विड क्रोमॅटोग्राफीच्या, एचपीएलसीच्या, मशीनमधली पावडर भरलेली नळी; तिच्यातून द्रवाबरोबर जाताना मिश्रणातले घटक वेगळे होतात आणि प्रत्येक घटक आलेखावर एक उंचवटा देतो, तो पीक.) कशावरून गेला? उत्तर येतं, प्लेट्स, म्हणजे कॉलमची एफिशिअन्सी सांगणारा आकडा, कमी आल्या. कुठल्या पीकच्या? आणि रुंदी कुठे मोजली? इथे शांतता. सॉफ्टवेअरने एक आकडा दिला, आकडा लिमिटच्या खाली आला, म्हणून कॉलम मेला, एवढंच. मी स्वतः पहिली कितीतरी वर्षं हेच केलंय, त्यामुळे कोणाला नावं ठेवत नाहीये.

आधी थोडं मुळाकडे जाऊ. थिओरेटिकल प्लेट हा शब्द डिस्टिलेशनवाल्यांकडून आलाय, मार्टिन आणि सिंज यांनी १९४१ मध्ये क्रोमॅटोग्राफी समजावायला तो उसना घेतला (१९५२ चं नोबेलही मिळालं दोघांना). पण कॉलम कापून बघितला तर आत प्लेट वगैरे काही नसते, नुसती सिलिकाची पावडर असते दाबून भरलेली. प्लेट काउंट म्हणजे खरं तर इतकंच की पीक किती उशिरा आला आणि त्या मानाने किती पसरला. आरटी (रिटेन्शन टाइम, पीक यायला लागलेला वेळ) भागिले सिग्मा, त्याचा वर्ग. बस. सिग्मा म्हणजे पसरटपणा.

गंमत अशी की सिग्मा थेट कोणी मोजत नाही, आपण पीकची रुंदी मोजतो आणि त्यावरून सिग्माचा अंदाज बांधतो. गॉसियन, म्हणजे घंटेसारखा सममित, पीक असेल तर अर्ध्या उंचीवरची (हाफ हाइटची) रुंदी २.३५५ सिग्मा असते, म्हणून ५.५४ चं सूत्र येतं (आरटी भागिले रुंदी, त्याचा वर्ग, गुणिले ५.५४). दोन्ही बाजूंना स्पर्शरेषा काढून बेसलाइनवर, म्हणजे पीकच्या पायाच्या रेघेवर, रुंदी मोजली तर ती ४ सिग्मा, म्हणून १६ चं सूत्र. कॉलेजमध्ये दोन्ही पाठ करून घेतात, पण यामागे एक अट आहे ते कोणी ठासून सांगत नाही: पीक गॉसियन असेल तरच दोन्ही उत्तरं जुळतात. आणि आपल्या लॅबमध्ये गॉसियन पीक किती येतात ते आपल्याला माहितीच आहे.

मी एकदा सुट्टीच्या दिवशी बसून स्प्रेडशीटमध्ये एक पीक बनवला. ६.०० मिनिटांना येणारा, आधी स्वच्छ गॉसियन, अर्ध्या उंचीवर रुंदी ०.१०३ मिनिट, म्हणजे साधारण १८,८०० प्लेट्स. मग त्याला शेपूट जोडलं, म्हणजे एक्स्पोनेन्शियल टेल, टाइम कॉन्स्टंट ०.०६७ मिनिट, आणि आरटी तुलनेसाठी ६.०० च ठेवली. आता हाफ हाइटची रुंदी झाली ०.१४३, सूत्रात टाकली, ९,७५० आले. ठीक आहे, निम्म्या गेल्या. मग त्याच पीकची १० टक्के उंचीवरची रुंदी मोजली, ०.३०, पुढची बाजू ०.११ आणि मागची ०.१९. हे फोली आणि डॉर्सी यांच्या १९८३ च्या सूत्रात टाकलं, जे खास शेपूटवाल्या पीकसाठीच आहे (आरटी भागिले १० टक्क्यांची रुंदी, त्याचा वर्ग, गुणिले ४१.७, आणि त्याला भागायचं असिमेट्री अधिक १.२५ ने; असिमेट्री म्हणजे मागची बाजू भागिले पुढची), तर उत्तर आलं ५,६०० च्या आसपास.

म्हणजे पीक एकच, कॉम्प्युटरवर बनवलेला, त्यात ना नॉइज ना इंटिग्रेशनची भांडणं, तरी एक पद्धत म्हणते पावणेदहा हजार आणि दुसरी म्हणते साडेपाच हजार. कारण साधं आहे, शेपूट पीकच्या पायाशी असतं आणि हाफ हाइटवाला माणूस पायाकडे बघतच नाही. तो कमरेला टेप लावून वजन सांगतो.

आणि याच पीकचा टेलिंग फॅक्टर (पूर्ण रुंदी भागिले पुढच्या बाजूची दुप्पट) किती आला? ५ टक्के उंचीवर मोजला तर १.४५. फार्माकोपियाची, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानकांच्या पुस्तकाची, सर्वसाधारण मर्यादा ०.८ ते १.८ आहे, म्हणजे पीक आरामात पास. कॉलमची जवळजवळ ७० टक्के एफिशिअन्सी खाल्ली गेली आणि कागदावर सगळं हिरवं. वर आणखी एक घोळ, १० टक्क्यांवरची असिमेट्री काढली तर हाच पीक १.७३ आहे. बऱ्याच कॉलमच्या सीओएवर (कॉलमसोबत येणारं टेस्ट सर्टिफिकेट) १० टक्क्यांची असिमेट्री असते आणि आपल्या रिपोर्टमध्ये ५ टक्क्यांचं टेलिंग, आणि लोक दोन्ही शेजारी ठेवून "बघा आपला तर सीओएपेक्षा चांगला आला" म्हणून खूश होतात. मीही झालेय.

याच संदर्भात, १ डिसेंबर २०२२ पासून यूएसपीचं (अमेरिकेच्या फार्माकोपियाचं) क्रोमॅटोग्राफीवरचं ६२१ चॅप्टर युरोप आणि जपानच्या फार्माकोपियाशी जुळवलेल्या रूपात लागू झालं. त्याआधी यूएसपीचं प्लेट काउंट म्हणजे स्पर्शरेषेचं १६ वालं होतं, आता हाफ हाइटचं ५.५४ वालं. त्यामुळे जुन्या फाइलमधले आकडे आणि आताचे आकडे एका ट्रेंडमध्ये लावले आणि मध्येच पायरी दिसली, तर कॉलमवर संशय घेण्याआधी सॉफ्टवेअरमध्ये कुठलं कॅल्क्युलेशन निवडलंय ते बघा. रिपोर्ट टेम्प्लेटमध्ये यूएसपी, ईपी (युरोपची) अशी वेगवेगळी फील्ड्स असतात, कोणीतरी टेम्प्लेट कॉपी करताना भलतंच ओढून घेतलेलं असतं.

टेलिंग फॅक्टरबद्दल आणखी एक तक्रार. तो १.० आला म्हणजे पीक छान असं नाही. पीक पुढूनही पसरला आणि मागूनही तेवढाच पसरला तर भागाकार १.० च येणार ना. असे पीक असतात, वर सुई आणि खाली घेरदार पाया, आयफेल टॉवरसारखे, नीट न भरलेल्या कॉलममधून हमखास येतात. टेलिंग पास, हाफ हाइटच्या प्लेट्स उत्तम, आणि शेजारची छोटी इम्प्युरिटी त्या घेरात गडप. म्हणून मी आकडे बघायच्या आधी पीक झूम करते, पूर्ण उंचीला नाही, बेसलाइनपासून पाच-दहा टक्क्यांपर्यंतच. एवढी एक सवय लागली तरी अर्धं काम होतं.

आता ती गोष्ट सांगते ज्यामुळे हे सगळं डोक्यात शिरलं. ५० बाय २.१ मिमीचा, १.७ मायक्रॉनचा कॉलम, आयसोक्रॅटिक मेथड (वाहत्या द्रवाचं मिश्रण पूर्ण वेळ तेच), फ्लो मिनिटाला ०.५ एमएल. आधी सगळ्या पीकच्या दहा हजारांच्या आसपास प्लेट्स यायच्या. एका सोमवारी पहिल्या पीकच्या साडेतीन हजार, टेलिंग १.९, आणि शेवटच्या पीकच्या आठ हजारांच्या वर. कॉलम गेला असं ठरलं. नवीन लावला, तसंच. मग तो लॉट खराब ठरला. दुसऱ्या लॉटचा लावला, तसंच. तीन कॉलम टेबलवर पडलेले आणि मी सप्लायरला कडक ईमेल लिहायला बसलेले (बरं झालं पाठवला नाही).

खरं तर उत्तर पहिल्याच क्रोमॅटोग्राममध्ये होतं. कॉलम खराब असेल, आत व्हॉइड (पावडरमध्ये पोकळी) पडला असेल किंवा फ्रिट (टोकाची गाळणी) चोंदला असेल, तर साधारणपणे सगळेच पीक बिघडतात, पहिलाही आणि शेवटचाही. पहिलाच जास्त बिघडतो आणि नंतरचे सुधारत जातात तेव्हा गडबड कॉलमच्या बाहेर असते. याचं कारण असं की रुंदीची बेरीज होत नाही, रुंदीच्या वर्गाची होते, म्हणजे कॉलमने केलेला पसरटपणा आणि बाहेरच्या नळ्या, फिटिंग, डिटेक्टर सेल यांनी केलेला पसरटपणा, यांचे सिग्मा-वर्ग मिळवायचे. माझ्या त्या कॉलमवर पहिल्या पीकचा सिग्मा (वेळाला फ्लोने गुणून) साधारण दीड मायक्रोलिटर होता, वर्ग अडीचच्या आत. शेवटच्याचा सात मायक्रोलिटरच्या वर, वर्ग ५३. आता बाहेरून दोघांनाही सारखेच १६ मिळवा. पहिला अडीचवरून साडेअठरा झाला, मेलाच. शेवटचा ५३ वरून ६९, जरा खरचटलं एवढंच.

हे १६ आले कुठून? आदल्या शुक्रवारी कोणीतरी कॉलमनंतरची नळी बदलली होती आणि नट घट्ट करताना नळी पोर्टच्या तळापर्यंत गेलीच नव्हती. दोन मिलिमीटरची फट. १/१६ इंचाच्या भोकात दोन मिलिमीटर म्हणजे चार मायक्रोलिटर. ती चार मायक्रोलिटरची खोली मिक्सिंग चेंबरसारखी वागते, पीक आत येतो, ढवळला जातो आणि हळूहळू बाहेर झिरपतो, आणि तिचा सिग्मा-वर्ग चारचा वर्ग, १६. लीक नाही, प्रेशर नॉर्मल, बाहेरून काहीही दिसत नाही. नट सोडला, नळी तळाला टेकवून धरली, परत आवळला. पुढच्या इंजेक्शनला दहा हजार. तीन कॉलम आणि दीड आठवडा.

आणि बघा, सिग्मा-वर्गाच्या हिशोबाने पहिल्या पीकच्या फक्त तेराशेच्या आसपास प्लेट्स उरल्या होत्या, रिपोर्ट मात्र साडेतीन हजार सांगत होता. परत तेच, हाफ हाइट.

हाच चार मायक्रोलिटरचा खड्डा १५० बाय ४.६ च्या कॉलमवर असता तर कोणाला कळलंही नसतं. तिथे मधल्या पीकचा सिग्मा चाळीस मायक्रोलिटर, वर्ग सोळाशेच्या वर, त्यात १६ मिळवले काय न मिळवले काय. म्हणून जुन्या एचपीएलसीवर हात बसलेली माणसं छोट्या कॉलमवर आली की गोंधळतात, त्यांची काहीच चूक नसते, आत्तापर्यंत त्यांच्या सगळ्या चुका त्या मोठ्या कॉलमने पोटात घातलेल्या असतात. नळीचंही तसंच. ०.२५ मिमीच्या नळीत मीटरमागे ४९ मायक्रोलिटर मावतात, ०.१२ च्या नळीत ११. पण नळीचा सिग्मा-वर्ग व्यासाच्या चौथ्या घातावर जातो, म्हणजे व्यास अर्धा केला की सोळा पटीने कमी. पीक (PEEK) नावाच्या प्लास्टिकच्या नळ्या असतील (या पीकचा आपल्या पीकशी संबंध नाही, शेतातल्याशी तर नाहीच) तर रंग बघा, लाल ०.१३, पिवळी ०.१८, निळी ०.२५. छोट्या कॉलमला निळी नळी लागलेली दिसली की मी पुढचं काही विचारत नाही.

त्याच सिस्टिमवर नंतर एकदा वेगळाच प्रकार झाला, मेथड जुन्या मशीनवरून कॉपी करून आणली आणि त्यात डिटेक्टरचा डेटा रेट ५ हर्ट्झ होता. तो पहिला पीक पायाशी पाऊण सेकंदाचा. पाच हर्ट्झने त्यावर जेमतेम चार ठिपके पडतात, आणि चार ठिपके जोडून सॉफ्टवेअर तुम्हाला दोन दशांश स्थळांपर्यंत टेलिंग देतं, न लाजता. पीकवर वीस तरी ठिपके हवेत, म्हणजे इथे २७ च्या वर, ४० हर्ट्झ ठेवायचा. फिल्टर किंवा टाइम कॉन्स्टंटचं सेटिंगही बघायचं, बेसलाइन गुळगुळीत दिसावी म्हणून वाढवलेला टाइम कॉन्स्टंट पीकही गुळगुळीत करतो, फुकटचं शेपूट लावून.

केमिकल टेलिंग हा वेगळा प्राणी. न्यूट्रल कंपाउंड सुंदर येतोय आणि शेजारचा अमाइनवाला बेसिक ड्रग शेपूट ओढतोय, तर नळ्या खोलत बसू नका, सिलॅनॉल आहेत ते. पीएच सातच्या आसपास सिलिकावरचे सिलॅनॉल आयनाइज होतात, अमाइन प्रोटॉनेटेड असतं, दोघं एकमेकांना धरून बसतात. पीएच खाली आणा किंवा चांगला एंडकॅप्ड (सिलॅनॉल झाकलेला) कॉलम घ्या. पण त्याआधी एक दोन मिनिटांची टेस्ट, सॅम्पल दहापट डायल्यूट करून मारा. टेलिंग लक्षणीय कमी झालं तर ओव्हरलोड होता, पुढची कडा उभी आणि मागे उतार असा काटकोन त्रिकोण दिसतो तोच. टेलिंग तसंच राहिलं तर दुसरीकडे शोधा. आणि पहिला पीक पुढून फुगलाय किंवा दुभंगलाय तर सॅम्पल ज्यात विरघळवलंय ते डायल्युएंट बघा, मोबाइल फेजपेक्षा (कॉलममधून वाहणाऱ्या द्रवापेक्षा) स्ट्राँग असेल तर इंजेक्शन व्हॉल्यूम कमी करून परत मारा, बहुतेक वेळा तिथेच मिटतं.

ग्रेडियंटबद्दल (म्हणजे मोबाइल फेज रनभर बदलत नेतात त्याबद्दल) चटकन सांगते कारण यात वाद घालायला मला कंटाळा येतो. ग्रेडियंटमध्ये प्लेट काउंट काढू नका. सूत्र धरून चालतं की पीक पूर्ण वेळ एकाच मोबाइल फेजमध्ये चालत होता. ग्रेडियंटमध्ये तो आधी कॉलमच्या तोंडाशी बसून राहतो आणि मग शेवटी पळत सुटतो, आरटी मोठी आणि रुंदी बारीक, सूत्र म्हणतं दोन लाख प्लेट्स. एवढ्या प्लेट्स कॉलममध्ये मावत नाहीत हो. तिथे पीक कपॅसिटी काढा, ग्रेडियंटचा वेळ भागिले पायाशी असलेली रुंदी, अधिक एक. दहा मिनिटांचा ग्रेडियंट, सहा सेकंदांचे पीक, १०१. हा आकडा निदान खरा आहे.

कॉलममध्ये किती मावतात याचा अंदाज कसा करायचा? लांबी भागिले प्लेट्स म्हणजे एका प्लेटची उंची, तिला कणाच्या साइजने भागा. चांगल्या भरलेल्या साध्या कॉलमला हे उत्तर दोन ते अडीच येतं, कोअर-शेल (भरीव गाभ्यावर सच्छिद्र थर असलेल्या कणांचा) दीडपर्यंत जातो. म्हणजे १५० मिमी, ५ मायक्रॉन, अडीचने हिशोब केला तर १२,०००. तीन मायक्रॉनला २०,०००. त्यामुळे पाच मायक्रॉनच्या साध्या कॉलमवर आयसोक्रॅटिकमध्ये पंचवीस हजार आले म्हणून कोणी मिरवत असेल तर कौतुक नंतर, आधी रॉ डेटा मागा. अर्थात हे सगळं योग्य फ्लोला. व्हॅन डीम्टर आणि मंडळींनी १९५६ मध्ये दाखवलंच आहे की फ्लो फार कमी केला तर डिफ्युजनने पसरतो, फार वाढवला तर मास ट्रान्सफर पुरा पडत नाही, मध्ये कुठेतरी तळ असतो. रन टाइम कमी करायला फ्लो दुप्पट केला आणि मग प्लेट्स कमी आल्या म्हणून कॉलमला दोष दिला, हे मी बघितलंय.

कॉलमसोबत जो सीओए येतो तो न्यूट्रल मिश्रणावर, सोप्या मोबाइल फेजवर आणि बाहेरचा पसरटपणा कमीत कमी ठेवलेल्या सिस्टिमवर काढलेला असतो. तो आकडा आपल्या मशीनवर येणार नाही, यायलाही नको. पण कॉलम आला की पहिल्या दिवशी तीच टेस्ट आपल्या मशीनवर एकदा मारून ठेवायची, युरासिल, टोल्युइन, नॅफ्थलीन, ॲसिटोनायट्राइल-पाणी, जे काय सीओएवर लिहिलंय ते, आणि प्रिंट कॉलमच्या डब्यातच घडी घालून ठेवायची. युरासिल अडकत नाही म्हणून त्यातून डेड टाइम मिळतो, लवकर येणारा पीक आणि उशिरा येणारा पीक दोन्हींच्या प्लेट्स लिहायच्या, रुंदी कुठल्या उंचीवर मोजली तेही. सहा महिन्यांनी कोणी "कॉलम गेला" म्हणालं की परत हेच मिश्रण. न्यूट्रल पीक जागच्या जागी आणि ड्रगचा पीक बिघडलेला असेल तर भांडण केमिस्ट्रीशी आहे. लवकरचा बिघडला आणि उशिराचा बरा असेल तर नळ्यांशी. सगळेच सारखे बिघडले असतील तर मात्र कॉलमशी.

मागच्या महिन्यात ड्रॉवर आवरताना "खराब" असं मार्करने लिहिलेले सात कॉलम सापडले. उत्सुकता म्हणून एकेक लावून हे मिश्रण मारलं. एकात खरंच व्हॉइड होता, सगळे पीक दुभंगलेले. एकाचा फ्रिट चोंदलेला, प्रेशरच चढत गेलं. दोन अगदी ठणठणीत निघाले, ते परत वापरात आहेत. उरलेल्या तिघांच्या प्लेट्स सात ते नऊ हजारांच्या मध्ये आहेत, पण त्यांच्या डब्यात ना सीओए आहे ना पहिल्या दिवसाचा प्रिंट, त्यामुळे हे कमी झालेत की पहिल्यापासून एवढेच होते ते कळायला मार्ग नाही, तिन्ही परत ड्रॉवरमध्ये ठेवलेत. फक्त "खराब" खोडून पुढे प्रश्नचिन्ह काढलंय.